खंडांच्या सीमा



शाळेंत शिकलेल्या कांहीं गोष्टी अशा असतात, कीं त्यांच्याविषयीं पुन्हा प्रश्न विचारण्याची गरज आपल्याला जन्मभर वाटत नाहीं. पृथ्वीवर सात खंडें आहेत, ही त्यांपैकींच एक. आशिया कोठें, युरोप कोठें, आफ्रिका कोठें, हें आपण नकाशावर बोट ठेवून दाखवितों. प्रत्येकाला वेगळा रंग दिलेला असतो, आणि दोन रंग जेथें मिळतात तेथें सीमा आहे, असें आपण धरून चालतों. परंतु ती सीमा तेथेंच कां? ती कोणी ठरविली, कोणत्या नियमानें ठरविली, आणि तोच नियम सर्वत्र लावला आहे काय? आजच्या भाषणांत या प्रश्नांचा थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं दूर रशियांत जाण्यापूर्वीं आपण पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांत जाऊं. खंडांच्या सीमा ठरवितांना जे नियम वापरले गेले, ते बहुतेक या लहानशा मुलखांत तपासून पाहतां येतात, आणि त्यांतला कोणता किती टिकतो हेंही तेथें चांगलें कळतें.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. 'खंड' म्हणजे तुकडा. आपल्याकडे पूजेच्या संकल्पांत जंबुद्वीपाचा आणि भरतखंडाचा उच्चार होतो, आणि आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर राहतों तेंही सांगितलें जातें. त्या मांडणींत द्वीप मोठें आणि खंड हा त्याचा भाग. म्हणजे आज आपण ज्याला खंड म्हणतों त्याच्या जागीं तेथें द्वीप आहे, आणि भरतखंड हा त्या द्वीपाचा एक तुकडा. तेव्हां पृथ्वीचे भाग पाडण्याची एकच रीत सर्व काळीं व सर्व देशांत होती असें नाहीं. आजही नाहीं. आपल्याकडे सात खंडें शिकवितात. लॅटिन अमेरिकेंतील बऱ्याच शाळांतून उत्तर व दक्षिण अमेरिका मिळून एकच खंड मानतात. आणि युरोप व आशिया हे एकाच भूमीचे दोन भाग समजून तिला युरेशिया म्हणणारे भूगोलवेत्तेही पुष्कळ आहेत. पृथ्वी तीच, परंतु मोजणी निराळी.

सीमा ठरविण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली समुद्राची. चारी बाजूंनीं पाणी असलें, कीं वादच उरत नाहीं. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हीं या रीतीचीं उत्तम उदाहरणें. जेथें दोन मोठे भूभाग एका चिंचोळ्या पट्टीनें जोडलेले असतात, तेथें त्या संयोगभूमीवर रेघ ओढणेंही फारसें कठीण नाहीं. आशिया आणि आफ्रिका यांच्यामध्यें सुएझची संयोगभूमि आहे. १८६९ सालीं तेथें कालवा खुला झाला, आणि भूगोलांतली रेघ जणूं प्रत्यक्ष पाण्यानें आंखली गेली. परंतु तेथेंही सिनाईचा प्रदेश राज्यानें इजिप्तचा आणि खंडानें आशियाचा, असा प्रकार आहे. खरी अडचण येते ती जेथें समुद्रही नाहीं आणि संयोगभूमीही नाहीं, तेथें. युरोप आणि आशिया यांच्यामध्यें हजारों किलोमीटरपर्यंत कोरडी, सलग जमीन आहे. तेथें दुसऱ्या दोन रीतींचा आश्रय घ्यावा लागला : नदी आणि पर्वत.

नदीची रीत ग्रीकांची. त्यांच्या जहाजांना जो समुद्र ठाऊक होता, त्याच्या एका कांठाला त्यांनीं युरोप म्हटलें, दुसऱ्याला आशिया. समुद्र संपला तेथून पुढें नदी धरली. कोणी काळ्या समुद्राला पूर्वेकडून मिळणारी फासिस ही सीमा मानली. कोणी उत्तरेकडील तानाइस, म्हणजे आजची डॉन. आफ्रिकेच्या बाजूस नाईल. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांतील इतिहासकार हिरोडोटस यानें या मांडणीविषयीं त्याच काळीं शंका घेतली होती. भूमि एकच असतां तिला तीन नांवें, आणि तींही स्त्रियांचीं, कां द्यावीं, हें त्याला उमगत नव्हतें. शिवाय नाईल ही सीमा धरली, तर इजिप्त देश मधोमध दुभंगतो. अर्धा आशियांत आणि अर्धा आफ्रिकेंत! ज्या नदीवर तो देश जगतो, तीच त्याची कुंपणरेषा कशी व्हावी?

हा आक्षेप किती खरा आहे, तें जुन्नरकडे पाहिलें म्हणजे पटतें. या प्रदेशांतील जुन्या मावळांचीं नांवें आठवा : शिवनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर. यांतील 'नेर' म्हणजे नदीचें खोरें. मीना नदीचें तें मीननेर, घोड नदीचें तें घोडनेर. आपल्या पूर्वजांनीं मुलखाचे भाग पाडले ते नदीच्या नांवानें, परंतु नदीवर रेघ ओढून नव्हे. नदीचे दोन्ही कांठ मिळून एक नेर. कुकडीच्या एका अंगास जुन्नर शहर आणि शिवनेरी, दुसऱ्या अंगास लेण्याद्री. त्यांना कोणी दोन निराळे मुलूख म्हटलें नाहीं. नदी दोन तीरांना पाणी देते, वाट देते, बाजार देते. ती माणसें जोडते. नकाशा काढणाऱ्याला ती आयती निळी रेघ म्हणून सोयीची वाटते, एवढेंच. म्हणून सीमा या दृष्टीनें नदी हें फार दुबळें साधन होय.

आतां पर्वताची रीत पाहूं. स्ट्रालेनबर्ग नांवाचा एक स्वीडिश लष्करी अधिकारी १७०९ सालच्या पोल्टाव्हाच्या लढाईंत रशियनांच्या हातीं सांपडला, आणि त्याला सैबेरियांत अनेक वर्षें काढावीं लागलीं. सुटून परत गेल्यावर १७३० सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत डॉन नदी सोडून उरल पर्वताची रांग ही युरोप व आशिया यांची सीमा धरली. ही कल्पना मूळ आपली, असें रशियन विद्वान तातिश्चेव्ह याचें म्हणणें होतें. कल्पना कोणाचीही असो, ती रशियाला सोयीची होती. पीटर बादशहाच्या काळापासून रशियाला आपली गणना युरोपांत व्हावी असें वाटत होतें. सीमा डॉनवरून उरलवर गेली आणि युरोप खंड पूर्वेकडे पुष्कळ रुंदावलें. जमीन तसूभरही हलली नाहीं. हलली ती पुस्तकांतली ओळ.

तरीही पर्वताच्या रीतींत एक तथ्य आहे, आणि तें नाणेघाटाच्या माथ्यावर उभें राहिलें म्हणजे डोळ्यांना दिसतें. पश्चिमेकडे कडा तुटलेला. खालीं मुरबाडचें कोंकण. त्या बाजूला पडलेलें पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यांतून अरबी समुद्राला मिळतें. माथ्याच्या अलीकडे पडलेलें पाणी मात्र समुद्राकडे पाठ फिरवितें. कुकडेश्वरापाशीं कुकडीचा उगम. कुकडी घोडनदीला मिळते, घोडनदी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि हजाराहून अधिक किलोमीटर चालून तें पाणी बंगालच्या उपसागरांत पोंचतें. आंबेगांवच्या पश्चिम भागांत, आहुप्याच्या बाजूस, घोडनदीची हीच कथा. उत्तरेस हरिश्चंद्रगडाची रांग ओलांडली, कीं पाणी मुळा व प्रवरा यांच्या वाटेनें गोदावरीला जातें. म्हणजे जुन्नर तालुक्याच्या वायव्य कोपऱ्याशीं तीन खोऱ्यांचीं पाणीं एकमेकांचा निरोप घेतात. ही वांटणी कोणा अधिकाऱ्यानें केलेली नाहीं. जिल्ह्याची हद्द बहुतेक ठिकाणीं याच माथ्यावरून जाते, परंतु हद्द नंतरची, पाणी आधींचें.

असें असलें तरी पर्वत पाणी विभागतो, माणसें विभागीत नाहीं. नाणेघाट हा घाटच मुळीं त्याचा पुरावा आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल याच वाटेनें जुन्नरला आणि पुढें पैठणला जाई. तेथील लेण्यांत राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे, आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणही वाटेवर उभा आहे. जकातीचें ठाणें मोकळ्या रानांत बसत नाहीं. जेथून रहदारी असते तेथेंच बसतें. भीमाशंकरच्या अरण्याकडे पाहिलें तरी तेंच. १९८५ सालीं घोषित झालेलें तें अभयारण्य माथ्याच्या दोन्ही अंगांस, पुणें, ठाणें आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेलें आहे. तेथील शेकरू या झाडावरून त्या झाडावर जातांना जिल्हा विचारीत नाहीं. पाऊससुद्धां माथ्यावर थबकत नाहीं. तो पूर्वेकडे हळूहळू विरत जातो, आणि मावळ संपून देश कोठें लागला हें शेतांतल्या पिकावरूनच ओळखावें लागतें. निसर्गांतील बहुतेक सीमा अशा असतात. त्या रेषा नसून पट्टे असतात.

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत कांहीं यवनांचीं दानें नोंदलेलीं आहेत. इरिल, चिट, चंद अशीं त्यांचीं नांवें. कोणी पाण्याचीं टाकीं दिलीं, कोणी भोजनमंडप दिला. 'यवन' हा शब्द आला आयोनियावरून. आणि आयोनिया हा ग्रीकांचा प्रांत आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे प्रचलित नकाशाप्रमाणें आशियांत. जगाचा पहिला नकाशा काढल्याची ख्याति असलेला ॲनॅक्झिमँडर त्याच किनाऱ्यावरील मिलेटसचा, आणि हिरोडोटसही तेथून जवळच्याच हॅलिकार्नाससचा. युरोप आणि आशिया हीं नांवें ज्यांच्या लेखणीनें रूढ झालीं, ते स्वतः आशियांत जन्मलेले होते! जुन्नरच्या भिक्षुसंघाला मात्र दाता कोणत्या खंडांतला, हा प्रश्न पडलेला दिसत नाहीं. त्यांनीं त्याचें नांव आणि दान तेवढें कोरून ठेवलें.

पुढें बहामनी राजवटींत, सुमारें १४७० च्या सुमारास, आणखी एक परदेशी जुन्नरला आला. तो रशियांतील त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितिन. विकण्यासाठीं एक घोडा घेऊन तो चौलच्या बंदरांत उतरला, घाट चढून जुन्नरला पोंचला, आणि पावसाळ्याचे दोन महिने येथेंच अडकून पडला. येथील अंमलदार असदखान यानें त्याचा घोडा हिरावून घेतला, आणि तो परत मिळेपर्यंत बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी, कीं त्वेरहून व्होल्गेच्या वाटेनें आस्त्राखान, मग कास्पियन समुद्राच्या कांठचीं दर्बंद आणि बाकू, तेथून इराण व होर्मुझ, असा प्रवास करून तो आला. या वाटेवर त्यानें युरोप कोठें सोडला? कॉकेशसच्या उत्तरेकडील कुमा-मानिच या सखल भागांतून सीमा नेली, तर दर्बंदला पोंचण्यापूर्वींच तो आशियांत शिरला. तीच सीमा कॉकेशसच्या माथ्यावरून नेली, तर दर्बंद युरोपांत राहतें, आणि त्यानें सीमा ओलांडली ती दर्बंद व बाकू यांच्या दरम्यान. दोन्ही मतें आजही प्रचलित आहेत. एल्ब्रुस हें ५,६४२ मीटर उंचीचें शिखर युरोपांतलें सर्वांत उंच, कीं तो मान सुमारें ४,८०० मीटरच्या माँ ब्लांचा, याचें उत्तरही त्याच निवडीवर अवलंबून आहे. निकितिनाच्या प्रवासवर्णनाचें नांव मात्र 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' असें आहे. समुद्र त्याला ओलांडावे लागले, म्हणून ते त्यानें मोजले. खंडें त्यानें मोजलीं नाहींत.

येथें कोणी म्हणेल, कीं माणसाच्या सोयीच्या रेषा सोडा. भूगर्भशास्त्र काय सांगतें तें पाहूं. तें जें सांगतें त्यानें गोंधळ कमी होत नाहीं, उलट वाढतो. पृथ्वीचें कवच अनेक प्रचंड भूपट्टांचें बनलेलें आहे, आणि ते अत्यंत सावकाश सरकत असतात. या हिशेबानें युरोप आणि बहुतेक आशिया एकाच भूपट्टावर आहेत. उरल पर्वत ही दोन प्राचीन भूभाग एकमेकांस भिडून पडलेली, केव्हांच मिटलेली शिवण आहे. निराळा भूपट्ट आहे तो भारताचा! आपला देश एके काळीं दक्षिणेकडील गोंडवन या महाभूमीचा भाग होता. हें नांव आपल्याच मध्य प्रांतांतील गोंडांच्या मुलखावरून पडलेलें. तिच्यापासून सुटून तो उत्तरेकडे निघाला. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं वाटेंतच दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. सह्याद्रि त्यांचाच घडलेला आहे. भारत आशियाला भिडला तो सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं. याचा अर्थ असा, कीं शिवनेरीचा कातळ थिजला तेव्हां तो आशियांत नव्हता. तो समुद्रानें वेढलेल्या एका एकाकी भूमीवर होता. अजूनही भारत वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे. भूपट्टांचा नियम कडकपणें लावला, तर खंडांच्या यादींतून युरोप गाळावा लागेल आणि भारत घालावा लागेल. तसें कोणी करीत नाहीं. कारण 'खंड' या शब्दांत दगडाइतकाच इतिहासही मिसळलेला आहे.

प्राणिशास्त्राचें उत्तर आणखी वेगळें. आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें १८५९ सालीं दाखवून दिलें, कीं बाली आणि लोंबोक या बेटांमधील सामुद्रधुनी जेमतेम ३५ किलोमीटर रुंद असली, तरी तिच्या एका बाजूस आशियाचे पशुपक्षी आणि दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रेलियाच्या वळणाचे. हिमयुगांत समुद्र खालीं गेला तेव्हां सुमात्रा, जावा, बाली हीं आशियाच्या भूमीला जोडलीं गेलीं. लोंबोकपुढील खोल पाणी मात्र कधीं आटलें नाहीं. ही सीमा खरी, परंतु प्राण्यांपुरती. त्याच सुमात्रांतील टोबा ज्वालामुखीची राख जुन्नर तालुक्यांत बोरी गांवाजवळ कुकडीच्या कांठीं सांपडली आहे, आणि तिच्याबरोबर आदिमानवाचीं दगडी हत्यारेंही. ती राख सुमारें ७४,००० वर्षांपूर्वींच्या महास्फोटाची, कीं त्याच्या लाखों वर्षें आधींच्या, याविषयीं संशोधकांत मतभेद आहेत. परंतु सुमात्रापासून कुकडीपर्यंतचा समुद्र तिला आडवा आला नाहीं, हें निश्चित.

तर मग या सीमा कोणी कशाही आंखल्या तरी बिघडतें काय, असें आपल्या मनांत येईल. बिघडतें. रेघ कल्पित असली तरी तिच्या आधारानें केलेले निर्णय कल्पित नसतात. १९८७ सालीं मोरोक्कोनें युरोपीय समूहांत प्रवेश मागितला. तो देश युरोपांतला नव्हे म्हणून त्याला नकार मिळाला. जिब्राल्टरपाशीं त्याच्या आणि स्पेनच्या किनाऱ्यांत अवघें १४ किलोमीटर पाणी आहे. उलट सायप्रस हें बेट भूगोलाच्या पुस्तकांत आशियांत असूनही २००४ सालीं युरोपीय संघाचें सभासद झालें. एकाच्या बाबतींत रेघ अलंघ्य ठरली, दुसऱ्याच्या बाबतींत ती कोणी आड येऊं दिली नाहीं. व्यापार, प्रवास, नोकरी, शिक्षण, यांचे लाखों कुटुंबांचे मार्ग त्या एका निर्णयानें उघडतात किंवा बंद होतात.

आणि हा प्रश्न आपल्या दाराशींही आहे. कृष्णेच्या पाण्याची वांटणी राज्याराज्यांत करण्यासाठीं १९६९ सालीं लवाद नेमला गेला. त्याच्या हिशेबांत नाणेघाटाच्या अलीकडे पडलेलें पाणी कृष्णेचें, आणि पलीकडे पडलेल्या पाण्याशीं त्याचा संबंध नाहीं. माथ्यावरील ती रेघ अशा रीतीनें शेतकऱ्याच्या पाटापर्यंत येऊन पोंचते. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभें आणि पिंपळगांव जोगें हीं पांच धरणें जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत आहेत. त्यांचें पाणी मात्र शिरूर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, करमाळें येथवर जातें. ज्यांची जमीन पाण्याखालीं गेली ते एका तालुक्याचे, आणि ज्यांचें शेत भिजलें ते दुसऱ्या जिल्ह्याचे. पाणी कोणाचें, तें जेथें अडलें त्यांचें, कीं नदीच्या सबंध खोऱ्याचें, हा वाद उन्हाळा आला कीं जागा होतो. ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्याला नांव मिळालें, तें आंबेगांवच डिंभ्याच्या जलाशयांत बुडालें. कचेऱ्या घोडेगांवला आहेत, गांव पाण्याखालीं आहे, आणि नांव नकाशावर कायम आहे. सीमा व नांवें हीं वस्तूंपेक्षां किती चिवट असतात, याचें याहून बोलकें उदाहरण शोधावयास नको.

या सर्वांवरून सीमा खोट्या आहेत असा निष्कर्ष मी काढीत नाहीं. सीमेशिवाय व्यवहार चालत नाहीं. मोजणी, कारभार, अभ्यास, सर्वांना कोठेंतरी रेघ ओढावीच लागते. परंतु प्रत्येक रेघ कोणत्या तरी प्रश्नाचें उत्तर असते. पाणी कोणीकडे वाहतें, या प्रश्नाचें उत्तर सह्याद्रीचा माथा. प्राणी कोठपर्यंत पसरले, या प्रश्नाचें उत्तर वॉलेसची रेषा. कवच कोठें जुळलें, याचें उत्तर हिमालय. युरोप कोठें संपतो, हा मात्र मुळांत निसर्गाचा प्रश्नच नव्हे. तो लोकांनीं लोकांविषयीं विचारलेला प्रश्न आहे, आणि म्हणून त्याचें उत्तर काळाप्रमाणें बदलत आलें. एका प्रश्नाचें उत्तर घेऊन दुसऱ्या प्रश्नाचा निवाडा केला, म्हणजे अन्याय होतो. वाहत्या पाण्याची रेघ माणसांच्या नात्यांना लावणें, किंवा राज्याची रेघ पाण्याला लावणें, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या.

तेव्हां घरांतील मुलांना सात खंडें अवश्य पाठ करूं द्यावींत. परीक्षेंत त्यांचा उपयोग आहे. मात्र त्याबरोबर एवढें सांगावें, कीं नकाशांतला रंग जेथें बदलतो तेथें जमीन बदलत नाहीं. ती रेघ कोणीतरी, कांहीं कारणानें, अमुक साली ओढलेली आहे. आणि जमलें तर पावसाळा सरतां सरतां त्यांना एकदां नाणेघाटावर न्यावें. माथ्याच्या दोन बाजूंना वाहणारे ओहोळ दाखवावेत, मग मागें वळून तीच माथ्यावरची रेघ फोडून गेलेली दोन हजार वर्षांची वाट दाखवावी. सीमा म्हणजे काय, आणि ती कोणासाठीं असते, हें त्यांना तेथें पुस्तकापेक्षां लवकर समजेल.